घरची मोटार आणि घरचे हात

सुशिक्षित कुटुंबांत कांहीं गोष्टींचें ज्ञान असणें हा भूषणाचा विषय समजला जातो, कांहींचें ज्ञान नसणें ही सामान्य गोष्ट मानली जाते, आणि कांहींचें ज्ञान आपणांस नाहीं असें सांगण्यांतच एक प्रकारची प्रतिष्ठा वाटते. मोटारगाडीच्या निगेचें ज्ञान या तिसऱ्या वर्गांत पडतें. ‘त्यांतलें आम्हांला कांहीं कळत नाहीं बुवा!’ हें वाक्य जो गृहस्थ पंचांगाविषयीं किंवा प्राप्तीकराच्या हिशेबाविषयीं उच्चारतांना ओशाळेल, तोच तें दारांतल्या मोटारीविषयीं मोठ्या समाधानानें उच्चारतो. दसऱ्याच्या दिवशीं तिला झेंडूची माळ घालावी, हळदकुंकू लावावें, नारळ वाढवावा, आणि वर्षाचे बाकीचे दिवस तिच्या पोटांत काय आहे याचा विचारहि मनांत आणूं नये, असा आपला तिच्याशीं व्यवहार असतो. घरांतील गाईची प्रकृति ज्या घरांत चार माणसांना ओळखतां येत असे, त्याच घरांत गाईच्या कितीतरी पट किंमतीच्या या वाहनाची प्रकृति एकासहि ओळखतां येऊं नये, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

याचें मूळ आळसांत नाहीं. तें हातांविषयींच्या आपल्या जुन्या कल्पनेंत आहे. लेखणीनें हात काळे झाले तर ती विद्या, आणि तेलानें काळे झाले तर तो धंदा, असा भेद आमच्या वर्गानें पिढ्यान् पिढ्या पाळला. परंतु हा भेद किती पोकळ आहे हें दाखविणारें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत उभें आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या माळावर निघालेला लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या घरोघरीं गेला. त्याच वाडींतून पुढें निघालेलीं मासिकें आमच्यासारख्यांच्या माजघरांत वाचलीं गेलीं. परंतु मासिक आंत आलें तरी पाना मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला! सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मोटारींचा कारखाना काढण्यासाठीं कंपनी स्थापन केली, तेव्हां मोटार बनविणें हें परक्यांचेंच काम नव्हे हेंहि सिद्ध झालें. तथापि ती समजून घेणें हें काम मात्र आपण अद्यापि परक्यांकडेच ठेविलें आहे.

हा विषय आम्हांस केवळ तत्त्वचर्चेचा वाटत नाहीं, याला आमचें गांव कारण आहे. जत हें सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाचें गांव. १९४८ सालापर्यंत येथें डफळे घराण्याचें संस्थान होतें. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. पलीकडे कर्नाटकाची हद्द, बाजारांत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडतात. पावसाचें मान कमी, माळ उघडा, उन्हाळा कडक आणि विहिरींचें पाणी जड. अलीकडे म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी तालुक्याच्या कांहीं भागांत आणलें आहे खरें, तथापि बोअरच्या पाण्यावर चालणारीं घरें अजून पुष्कळ आहेत. मोठ्या दुखण्याला मिरज गांठावी लागते, आणि मिरज येथून सुमारे ८० किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या माणसाची मोटार बंद पडली तर त्याची गैरसोय होते; आमच्याकडे ती अवेळीं बंद पडली तर काय होईल तें सांगवत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वींची माघांतील एक रात्र आम्हांस आठवते. आमच्या आत्याबाई, वय वर्षें चौऱ्याहत्तर, मध्यरात्रीनंतर छातींत कळ येऊन घामाघूम झाल्या. गांवांतील डॉक्टर येऊन त्यांनीं तपासलें, औषध दिलें, आणि तांतडीनें मिरजेस हलविण्यास सांगितलें. रुग्णवाहिकेस दूरध्वनि केला, तों ती दुसऱ्या गांवीं गेलेली. गाडी दारांत उभी होती. किल्ली फिरविली, आंतून एक ‘टक्’ असा आवाज आला आणि सर्व शांत झालें. पुन्हां फिरविली, पुन्हां ‘टक्’. अंगणांत घरचीं नऊ माणसें उभीं होतीं. त्यांत दोन पदवीधर, एक वकील आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. परंतु त्या ‘टक्’चा अर्थ लावूं शकेल असें त्यांत एकच माणूस होतें, आणि तें म्हणजे आमची बारावींत शिकणारी पुतणी. ती म्हणाली, “काका, पुढचे दिवे लावा आणि मग सेल्फ मारा.” दिवे लावले, ते लखलखीत लागले, सेल्फ मारतांच ते पार विझल्यासारखे झाले. “बॅटरी मेलेली नाहीं,” ती म्हणाली, “तिचा हात कुठेंतरी सुटलाय.” तिनें बॉनेट उघडलें. बॅटरीच्या एका खुंटीवर पांढरट-हिरवट भुकटीचा थर चढलेला होता. दहा नंबरचा पाना, थोडें ऊन पाणी आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा एवढ्यावर तिनें दहा मिनिटांत ती खुंटी आणि तिच्यावरचा चिमटा लखख घासून पुन्हां आवळला. गाडी सुरू झाली. पहांटेच्या आंत आम्ही मिरजेंत होतों. आत्याबाई वांचल्या, आणि आजहि एकादशीला घरांतील सर्वांच्या फराळाची उठाठेव त्याच करतात.

या प्रसंगांत चमत्कार कांहींच नाहीं, आणि तेंच आम्हांस सांगावयाचें आहे. जें तिनें केलें तें कोणत्याहि घरांतील कोणत्याहि वयांत आलेल्या माणसास अर्ध्या तासांत शिकतां येतें. तिनें तें मागच्या सुट्टींत गांवांतील एका मेस्त्रींच्या गॅरेजांत बसून पाहिलें होतें. तेव्हां ती आणि तिचा चुलतभाऊ रोज दोन तास तेथें जात, म्हणून आमचे वृद्ध चुलते तात्या नाराज असत. मुलीच्या हाताला ग्रीस लागलेलें त्यांना खपत नसे. मिरजेहून परतल्यावर त्यांनीं त्या विषयावर एक अक्षरहि काढलें नाहीं. फक्त देवघरांतील ज्या फडताळांत ते आपलीं औषधें ठेवतात, त्यांत दुसऱ्या दिवसापासून पॉलिश पेपरचा एक नवा तुकडाहि दिसूं लागला.

आतां घरच्या हातांनीं काय करावें आणि काय करूं नये, हें अनुभवानें जें आम्हांस समजलें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट पाण्याची. आमच्या भागांतील गृहिणींस बंबाच्या आणि पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या आंतून बसणारी पांढरी खपली चांगली परिचयाची आहे. जड पाण्यांतील क्षार उष्णतेनें बाहेर पडून भांड्यास चिकटतात, त्याची ती खपली. हेंच पाणी मोटारीच्या रेडिएटरांत घातलें कीं तीच खपली त्याच्या बारीक नळ्यांत बसते, आणि नळ्या तर इतक्या अरुंद कीं थोडक्या थरानें प्रवाह कोंडतो. मग मे महिन्यांत चढावर गाडी तापली कीं आपण ‘उन्हाळाच फार’ म्हणून उन्हास दोष देतों. रेडिएटरांत बोअरचें पाणी कधींहि घालूं नये. कूलंट आणि शुद्ध केलेलें डिस्टिल्ड वॉटर समभाग मिसळून घालावें, किंवा तयार मिश्रण मिळतें तें घालावें. कूलंट म्हणजे केवळ थंडीच्या मुलखांतील बर्फ टाळण्याचें औषध अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. तें गंज रोखतें आणि पाण्याचा उत्कलनबिंदुहि वाढवितें.

येथेंच एक धोक्याची सूचना. रेडिएटरचें झांकण हें नुसतें झांकण नसून तें आंतील पाणी दाबाखालीं ठेवणारी झडप आहे. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें. एका वातावरणाइतका अधिक दाब असल्यास तें सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. तापलेल्या गाडीचें झांकण उघडलें कीं दाब एकदम जातो आणि शंभरावरचें तें पाणी त्याच क्षणीं वाफ होऊन तोंडावर येतें. प्रेशर कुकरची वाफ जिरल्याशिवाय झांकणाला हात लावूं नये हें ज्या घरांत सात वर्षांच्या मुलीसहि ठाऊक असतें, त्या घरांतील पुरुष तापलेल्या रेडिएटरचें झांकण फडक्यानें फिरवूं पाहतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. गाडी तापली तर कडेला घ्यावी, बंद करावी, आणि वरची रबरी नळी थंड होऊन हातानें सहज दाबतां येईपर्यंत थांबावें. थांबावयास सोयीची जागा दूर असेल, तर वातानुकूलन बंद करून आंतील हीटर पूर्ण सोडावा. आंतल्या माणसांस घाम फुटेल, पण इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें निघून जाईल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. एक साधा मल्टिमीटर घरीं असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली समजावी, १२.२ च्या सुमारास ती अर्धी रिकामी झालेली असते. इंजिन चालूं असतांना हाच आंकडा साधारणतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावयास पाहिजे. तसा नसेल तर दोष बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या अल्टर्नेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा तारांचा असण्याचा संभव आहे. चिमटे काढतांना उणे खुंटीचा आधीं काढावा आणि लावतांना तोच शेवटीं लावावा. कारण गाडीचें सर्व लोखंडी अंग उणे बाजूस जोडलेलें असतें. उणे जोडलेलें असतांना अधिक खुंटीवरचा पाना चुकून अंगाला लागला तर ठिणगी उडून तारा जळतात. ज्या बॅटरींत पाणी घालावें लागतें तींत डिस्टिल्ड वॉटरच घालावें. आणि बॅटरी भरत असतां तींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून दसऱ्याला गाडीची आरती करावयाची ती बॉनेट लावूनच करावी. उघड्या बॅटरीवरून निरांजन फिरवूं नये. भक्तीला वायूच्या गुणधर्मांत सवलत मिळत नाहीं.

तिसरी गोष्ट चाकांची. उन्हाळ्यांत हवा प्रसरण पावते म्हणून चाकांत ती कमी भरावी, असा समज आमच्याकडे शिकल्या सवरल्या माणसांतहि आढळतो. प्रत्यक्ष प्रकार उलट आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक चेपतो, त्याच्या बाजू सारख्या वांकतात व सरळ होतात, आणि त्या वांकण्यानेंच तो तापतो. तापलेल्या रस्त्यावर वेगानें जातांना टायर फुटतो तो पुष्कळ वेळां याच कारणानें. किती हवा भरावी हें गाडी बनविणाऱ्यानें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेलें असतें. तेवढीच, आणि तीहि गाडी थंड असतांना भरावी. टायरच्या खांचा १.६ मिलिमीटरहून कमी उरल्या कीं तो बदलणें कायद्यानेंहि आवश्यक आहे. स्टेपनींतील हवा महिन्यांतून एकदां पाहावी. ज्या स्टेपनींत हवा नाहीं ती स्टेपनी म्हणजे वाहून नेलेलें ओझें होय.

चौथी गोष्ट धुळीची आणि तेलाची. आमच्या माळावरची धूळ सूक्ष्म आणि चिवट. पुस्तिकेंत हवेची गाळणी अमुक किलोमीटरनंतर बदला असें लिहिलेलें असतें, परंतु धुळीच्या मुलखांत तें त्याहून लवकर करावें असेंहि त्याच पुस्तिकेंत खालीं बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, तें वाचावें. ही गाळणी काढून पाहण्यास बहुतेक गाड्यांत चार क्लिपा सोडण्यापलीकडे विद्या लागत नाहीं. इंजिनाचें तेल पाहतांना गाडी सपाट जागेवर असावी, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें गेलेलीं असावींत; पट्टी एकदां पुसून पुन्हां बुडवून पाहावी. आणखी एक शत्रु म्हणजे उंदीर. सुगीनंतर शेतांतले उंदीर उबेसाठीं इंजिनाजवळ येतात आणि तारांचें आवरण कुरतडतात. गाडी चार-आठ दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून एकदां आंत पाहावें. लेंड्या दिसल्या तर तारा तपासल्याशिवाय लांबच्या प्रवासास निघूं नये.

हें सर्व लक्षांत कसें राहावें? आमच्याकडचे मालमोटारवाले अमावास्येला गाडीवरून नारळ उतरवून फोडतात आणि नवें लिंबू-मिरची बांधतात. आम्हीं त्या दिवसाचा उपयोग करून घेतला. अमावास्येस सकाळीं घरांतील दोन माणसें, एक वडीलधारें व एक लहान, गाडीचें पाणी, तेल, हवा, दिवे, बॅटरीच्या खुंट्या आणि ब्रेकच्या द्रवाची पातळी पाहतात, आणि कॅलेंडरवर त्या तारखेपुढें दोघेहि सही करतात. वीस मिनिटांचें काम. दृष्ट लागते कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु आपली दृष्टि गाडीला महिन्यांतून एकदां लागलीच पाहिजे.

एवढें झाल्यावर रोगनिदानाकडे वळूं. मिरजेस तंबोरे आणि सतारी बनविणाऱ्यांचीं घराणीं आहेत. त्यांच्या दुकानांत बसलें असतां जवारी लावतांना कारागीर किती बारीक कानानें ऐकतो तें दिसतें. आम्हां-तुम्हांस जो एकच सूर ऐकूं येतो त्यांत त्याला दहा गोष्टी ऐकूं येतात. मोटारीच्या बाबतींत इतका सूक्ष्म कान नको, परंतु रोजचा सूर ओळखणारा कान हवा. सकाळीं सुरू करतांच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा सैल किंवा झिजलेला. पूर्ण वळण घेतांना पुढच्या चाकापाशीं ‘कट् कट्’ झालें तर आंसाचा सांधा. ब्रेक दाबतांच लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला तर पॅड संपलेले, आणि या शेवटच्या आवाजानंतर गाडी गॅरेजाशिवाय दुसरीकडे कोठेंहि नेऊं नये.

तर्कसंग्रह वाचलेल्या आमच्या वडील मंडळींस पर्वतावरचा धूर आणि त्यावरून केलेलें अग्नीचें अनुमान ठाऊक आहे. मोटारीचा धूर त्याहून पुढें जाऊन अग्नि कोणत्या प्रकृतीचा तेंहि सांगतो. निळसर धूर निघाला तर इंजिनाचें तेल जळत आहे. काळा निघाला तर पेट्रोल अधिक व हवा कमी, म्हणजे आधीं गाळणी पाहावी. आणि गाडी तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल व कूलंटची पातळी उतरत असेल, तर कूलंट आंत झिरपत आहे. थंडीच्या पहांटे प्रथम निघणारी थोडी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी असते.

नव्या गाड्यांत हें शास्त्र निरुपयोगी झालें, सर्व कारभार संगणकाच्या हातीं गेला, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या घरीं पूर्वीं प्रीमियर पद्मिनी होती. ती फियाट ११०० या इटालियन गाडीचीच वंशज. कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुष्कळ वर्षें निघाली, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. त्या गाडीचें कार्ब्युरेटर साफ करणें, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांमधील अंतर पातळ पट्टीनें मोजून बसविणें, हीं कामें घरीं होत. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली, पुढें कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलें, आणि आतां दोष झाला कीं समोर एक पिवळा दिवा लागतो. परंतु हा दिवा शत्रु नसून साक्षीदार आहे. अंगठ्याएवढें एक यंत्र स्टिअरिंगखालच्या खोबणींत लावलें कीं तो साक्षीदार मोबाइलवर आपली जबानी देतो. मात्र जबानी म्हणजे निकाल नव्हे. समजा, ‘पी ०३०१’ असा संकेत आला. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरांत ज्वलन बरोबर होत नाहीं, एवढाच. दोष प्लगचा, कॉइलचा कीं इंजेक्टरचा हें तो सांगत नाहीं. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असते तेथें पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर लावावी, संकेत पुसावा आणि थोडें चालवून पाहावें. आतां ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणून दोष कॉइलचाच. तो ‘०३०१’ च राहिला तर कॉइल निर्दोष. जें असतांना असणें आणि जें नसतांना नसणें, याला आपल्या शास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. शेंकडों वर्षें जी पद्धत पाठशाळेंत घोकली गेली ती बॉनेटखालीं वापरण्यास हरकत कोणती?

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांस एक सूचना. आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि जुन्या प्रकारच्या रबरास मानवत नाहीं. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्यांस भेगा पडल्या आहेत काय, बॉनेटखालीं पेट्रोलचा वास येतो काय, हें नेहमीं पाहावें. आणि वास आला तर स्वतः पाना न उचलतां मेस्त्रींस बोलवावें.

कारण घरच्या विद्येचा अर्धा भाग कोठें थांबावें हें जाणण्यांत आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, क्षणभरहि, शिरूं नये; जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. चाक बदलतांना समोरच्या बाजूच्या चाकास दगड लावावा. बंद शेडमध्यें इंजिन चालूं ठेवूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो जीव घेतो. ब्रेकच्या द्रवाची पातळी डोळ्यांनीं पाहावी. ती उतरली असेल तर पॅड झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे असें समजून गाडी दाखवावी, नुसता द्रव ओतून मोकळें होऊं नये. तो द्रव हवेंतील पाणी शोषतो व त्यामुळें लवकर उकळूं लागतो, म्हणून दोन वर्षांनीं बदलून घ्यावा. पण तो बदलणें, एअरबॅगच्या तारा, स्प्रिंगा, आणि विजेवर चालणाऱ्या गाडींतील नारिंगी रंगाच्या जाड तारा, हीं घरच्या हातांचीं क्षेत्रें नव्हेत.

घरीं शिकल्यानें मेस्त्रींच्या पोटावर पाय येईल, अशी शंका कोणी काढील. आमचा अनुभव निराळा आहे. एकदां एका मोठ्या शहरांतील एका कारखान्यांत आमच्या गाडीचा अल्टर्नेटर संपूर्ण बदलावा लागेल असें सांगून मोठा आंकडा लिहून दिला. आम्ही गाडी परत आणली. आमच्या गांवच्या मेस्त्रींनीं बॉनेट उघडलें, हातानें पट्टा दाबून पाहिला आणि म्हणाले, “काका, पट्टा ढिला हाय. दुसरं काय बी न्हाई.” पट्टा आवळला, मल्टिमीटरवर १४.१ दिसले, काम संपलें. मजुरी किती म्हणून विचारलें, तर ते हांसून चहा सांगा म्हणाले. आम्हीं आग्रहानें पैसे दिले. ज्याला थोडें कळतें तोच खऱ्या कारागिराची किंमत ओळखूं शकतो. ज्याला कांहींच कळत नाहीं तो मोठ्या पाटीस फसतो आणि पत्र्याच्या शेडमधील विद्वत्तेशीं चार रुपयांसाठीं घासाघीस करतो. आमच्या मेस्त्रींचें शिक्षण चौथीपर्यंतचें. परंतु आमच्या घरांतील दोन मुलांनीं त्यांस दसऱ्याला सोनें देऊन वांकून नमस्कार केला, तेव्हां त्यांत कोणासहि वावगें वाटलें नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जी या सर्वांच्या मुळाशीं आहे. आपलीं एकत्र कुटुंबें नांवानें एकत्र असलीं तरी त्यांतील तरुण हात पुण्यास, बंगळूरास आणि समुद्रापलीकडे गेलेले आहेत. सणावारीं वाडा भरतो, आणि चौथ्या दिवशीं वाड्यांत सत्तरीचीं दोन माणसें, एखादी सून आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें एवढेंच उरतें. दारांतील मोटार परदेशच्या मुलानें प्रेमानें घेऊन दिलेली असते. परंतु रात्रीं दोन वाजतां तिची किल्ली फिरविणारा हात त्याचा नसतो. म्हणून गाडीचें ज्ञान गाडी घेऊन देणाऱ्यापाशीं असून उपयोग नाहीं. जो घरीं निजतो त्याच्यापाशीं तें असावयास पाहिजे. तो घरीं निजणारा बहुधा वृद्ध असतो, किंवा स्त्री असते, आणि आपण आजवर नेमकें या दोघांनाच या विद्येपासून दूर ठेविलें.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरीं एक पेटी असावी: दहा, बारा व चौदा नंबरचे पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मल्टिमीटर, हवा मोजण्याचें यंत्र, चांगला विजेरी दिवा, जोडतारा, कांहीं फ्यूज आणि पॉलिश पेपर. त्या पेटीची पूजा खंडेनवमीस अवश्य करावी. परंतु ती उघडतां येणारीं निदान दोन माणसें घरांत असावींत, आणि त्यांपैकीं एक जण तरी नेहमीं घरींच राहणारा असावा. येत्या सुट्टींत मुलांस चित्रकलेच्या नि बुद्धिबळाच्या वर्गांना घालाल, तेव्हां आठ दिवस गांवांतील मेस्त्रींकडेहि पाठवा. आणि त्यांच्याबरोबर घरच्या सूनबाईंसहि जाऊं द्या. हात काळे होतील. ते साबणानें धुतले कीं निघतात.